बटन पाच वेळा दाबावं

आरुषीचा पुढचा दात पडला ही बातमी मला गणपतनं दिली.

यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण नीट बघा. आरुषी माझी नात, माझ्या प्रशिकची मुलगी, वय वर्षं सात, मुक्काम बेंगळुरू. दात तिचा. म्हणजे रीतसर विचार केला तर दात आमच्या घरचा. आणि गणपत कोण? तर शेजारी. जुन्या हुबळीत आमच्या दोघांच्या घरांना एक भिंत सामाईक आहे, यापलीकडं त्याचा आमच्या दातांशी काही संबंध नाही. तरी हा माणूस रविवारी सकाळी माझ्या दारात येतो, फोन छातीशी धरून, आणि म्हणतो, "सिद्रामा, खूशखबर! आरुषीचा दात पडला की रे!"

"ठाऊक आहे मला," मी म्हणालो.

ठाऊक नव्हतं.

याचं मूळ माझ्या फोनमध्ये होतं. माझा फोन बटनांचा. बारा वर्षं झाली, दोनदा पाण्यात पडला, एकदा रिक्षाखाली आला, अजून बोलतो. पण त्यात समोरच्याचं तोंड दिसत नाही. आणि हल्लीच्या पोरांना तोंड दाखवल्याशिवाय बोलता येत नाही. म्हणून प्रशिकनं वर्षापूर्वी सोय काढली, की दर रविवारी दहा वाजता व्हिडिओ फोन गणपतच्या फोनवर करायचा आणि गणपतनं तो आणून मला द्यायचा. त्याच्या दारापासून माझ्या दारापर्यंत वीस पावलं. सुरुवातीला या वीस पावलांना दोन मिनिटं लागायची. मग आठ लागायला लागली. आता पंधरा लागतात. तोवर मी इकडं कपडे करून, केस विंचरून खुर्चीवर बसलेला, आणि भिंतीपलीकडून माझ्या नातीचं हसणं ऐकू येतंय. फोन माझ्या हाती येईपर्यंत तिचं सगळं सांगून झालेलं असतं. मला काय उरतं? "आज्जा, बरा आहेस? जेवलास?" एवढं विचारून ती म्हणते, "आता गणपतआज्जाला दे ना, कोल्ह्याची गोष्ट अर्धी राहिलीय."

कोल्ह्याची गोष्ट म्हणे. हा मनुष्य सरकारी वाचनालयात कारकून होता. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या गोष्टी वाचल्या, आता त्या माझ्या नातीला सांगून वट मारतो.

"तुमच्या पोटात दुखतंय," आमच्या सरूबाई म्हणाल्या. आमचं लग्न होऊन बेचाळीस वर्षं झाली, त्यामुळं त्यांना निदान करायला वेळ लागत नाही.

"माझ्या पोटात काही दुखत नाही. मी नवा फोन घेणार. तोंड दिसणारा. पण बटनाचा."

बटनाचा का, हे इथं सांगायला हवं. मी रेल्वेच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं इलेक्ट्रिक फिटर होतो. डब्यांतले दिवे आणि पंखे यांची बटनं बसवणं हे माझं काम. बटन हा माणसासारखा माणूस आहे. तुम्ही दाबलं की तो 'टक' म्हणून उत्तर देतो. दिवा लागेल न लागेल, पण तुमचं म्हणणं ऐकलं एवढं तरी कळवतो. आमचे बाबाजी मेस्त्री म्हणायचे, "बटन एकदा चाललं म्हणजे ओळख झाली. लागोपाठ पाच वेळा चाललं म्हणजे भरवसा." म्हणून आमच्या खात्यात कुठलंही बटन बसवलं, पुसलं, नुसतं उघडून बघितलं तरी ते पटापट पाच वेळा दाबल्याशिवाय पुढं पाठवायचं नाही असा नियम. रिटायर झालो तरी हात ऐकत नाही. घरातला पंखा मी पाच वेळा चालू-बंद केल्याशिवाय त्याखाली बसत नाही. मिक्सरचं बटन असंच भरवशाचं करताना एकदा चटणी भिंतीवर गेली होती, तो विषय सरूबाई अजून काढतात.

तर कोप्पीकर रोडवरच्या एका मोठ्या, थंडगार दुकानात गेलो. तिथं दीपश्री नावाची मुलगी होती, नावाची पट्टी लावलेली. म्हटलं, तोंड दिसणारा बटनाचा फोन दाखव.

"बटनचं आता येत नाही अंकल. सगळं टच."

"हे काय मग कडेला?"

"ते चालू-बंदचं. बाकी सगळं काचेवर. बघा की, किती सोपं आहे."

तिनं बोट लावलं, फोन उघडला. मी बोट लावलं, काही नाही. "अंकल, दाबायचं नाही. नुसतं टेकवायचं." टेकवलं. "अजून हळू." अजून हळू टेकवलं. तिनं काच पुसली. मग माझं बोट पुसलं. मग दुसरा फोन आणला, मग तिसरा. एकाही फोनला माझं बोट हे बोट आहे असं वाटेना. चौतीस वर्षं तारा सोलून आणि पाने आवळून माझ्या बोटांना घट्टे पडलेत, ती काचेच्या हिशेबी लाकडं झाली होती. तेवढ्यात शेजारी कुणा बाईच्या कडेवरचं वर्षाचं पोर पुढं झुकलं, त्यानं लाळेचं बोट काचेवर लावलं, आणि फोन गाणं म्हणायला लागला. सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगतो, त्या पोराचासुद्धा मला हेवा वाटला.

तिथून निघालो तो लोकेशकडं. लोकेश आमच्याच गल्लीच्या तोंडाशी बसतो. आधी घड्याळं दुरुस्त करायचा, मग रेडिओ, आता मोबाइल. वय पन्नाशीचं, डोळ्याला भिंग. त्यानं माझं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि खणातून एक जुना फोन काढला. तोंड दिसणारा, आणि काचेखाली मधोमध एक खरंखुरं, वर उचललेलं, लांबट बटन. मी ते पाच वेळा दाबलं. पाचही वेळा टक.

"हेच!" मी म्हणालो.

"अण्णा, हे बटन दाबलं की साधा फोन उचलला जातो, तशी सेटिंग करून देतो. अडीअडचणीला प्रशिकचा नंबरबी घालून ठेवतो. पण तुमचं सिम जुनं. त्यात इंटरनेट चालणार नाही. नवं घ्यायला पाहिजे."

नवं सिम घ्यायला अंगठा लागतो. कंपनीच्या दुकानात एका लाल दिव्याच्या यंत्रावर मी अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवला. मग उजवा झाला, डावा झाला, तर्जनी झाली, मधलं बोट झालं. दहाही बोटं झाली. शेवटी काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आज्जा, तुम्हाला ठसेच नाहीत." सरूबाईंना बोलावलं. त्यांनी चाळीस वर्षं तव्यावरच्या भाकऱ्या हातानं उलटल्यात, त्यांचेही ठसे तव्याला लागून गेलेले. सरकारच्या हिशेबी आम्ही दोघंही नव्हतो.

आणि मग, तुम्ही ओळखलं असेल, गणपत आला. बोलावलं नव्हतं. सरूबाईंनी सांगितलं असणार. त्यानं सदऱ्याला अंगठा पुसला, यंत्रावर अलगद ठेवला, आणि यंत्र लगेच गोड आवाजात बोललं. आयुष्यभर पुस्तकांची पानं उलटलेला मऊ अंगठा तो. अशा रीतीनं माझ्या फोनमधलं सिम गणपतच्या नावावर झालं.

"असू दे रे, त्यात काय," गणपत म्हणाला.

हे जे त्याचं 'त्यात काय' आहे ना, ते मला सहन होत नाही. माणसानं उपकार करावेत, पण निदान थोडं चिडून करावेत.

प्रशिकला नवा नंबर कळवला आणि ताकीद दिली, की इथून पुढं रविवारचा फोन थेट बापाला. रविवारी पावणेदहापासून बाबासाहेबांच्या फोटोखाली खुर्ची टाकून बसलो. दहाला फोन वाजला. काचेवर आरुषीचं नाव. मी ऐटीत बटन दाबलं. टक झालं. नाव गेलं, आणि काचेवर घड्याळ, हवामान, कसलीकसली चित्रं आली. फोन वाजतच होता. पुन्हा दाबलं. पुन्हा टक, पुन्हा हवामान. लोकेशनं सांगितलं होतं ते साध्या फोनचं. तोंडवाला फोन उचलायला काचेवरच बोट ओढावं लागतं, हे मला नंतर कळलं. मी बोट ओढलं, अंगठा ओढला, कोपर लावून बघितलं. फोन दमून गप्प झाला. आणि मग भिंतीपलीकडं दुसरा फोन वाजला.

"अगंऽऽ आरुषीबाई! आज्जा उचलत नाही होय? असू दे, असू दे!"

पंधरा मिनिटं मी ते हसणं ऐकलं. त्या दिवशी ताटातली मेथीची भाजीही मला कडू लागली. ती तशी असतेच, पण त्या दिवशी जास्त.

त्या आठवड्यात माझी बोटं ही सगळ्या गल्लीची मालमत्ता झाली. समोरच्या सोनाबाई म्हणाल्या, दुधाची साय चोळा. चोळली, मांजर दिवसभर मागं लागलं. कुणी म्हणालं, थुंकी लावा. कुणी म्हणालं, दगडानं घासा, तर सरूबाई म्हणाल्या दगड झिजेल. लोकेशनं रबरी टोकाचं एक पेन दिलं. ते चाललं, खोटं कशाला बोलू. पण त्याला टक नाही. मला टक ऐकू येईपर्यंत दाबायची सवय, त्यामुळं दुसऱ्या दिवशी टोक फाटून आत गेलं. शेवटी देशपांडे नगरात कातडीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी माझी दहाही बोटं भिंगातून बघितली आणि म्हणाले, "हा आजार नाही, ही नोकरी आहे. चौतीस वर्षांची. जायलाही थोडा वेळ घेईल की." मग एक मलम दिलं आणि ते लावून वर प्लास्टिकचे हातमोजे घालायला सांगितलं.

पुढचे चार दिवस मी दुपारी हातमोजे घालून ओट्यावर बसलो. येणारेजाणारे विचारायचे, "सिद्रामण्णा, ऑपरेशन करायलाय काय?" गणपतनं मात्र काही विचारलं नाही. तो फक्त म्हणाला, "मी शिकवू का तुला? एकदम सोपं आहे, पान उलटल्यासारखं करायचं." मी म्हणालो, "मला पानं उलटायची नाहीत."

पुढचा रविवार. दहाला फोन वाजला. हातमोजे काढले. चार दिवसांच्या मलमानं बोट मऊ झालं होतं, इतकं मऊ आणि इतकं तुळतुळीत, की हिरव्या खुणेवर ठेवलेलं ते घसरून थेट लाल खुणेवर गेलं. बोट चाललं! आयुष्यात पहिल्यांदा काचेनं माझं ऐकलं, आणि मी माझ्या नातीचा फोन कापला.

अर्ध्या मिनिटात भिंतीपलीकडं, "अगंऽऽ आरुषीबाई!"

आता माझं डोकं फिरलं. माझ्या बोटात दोष नाही, फोनमध्येच आहे, अशी माझी खात्री पटली. फोन बंद करून चालू करावा म्हणून कडेचं बटन चाचपलं, तर ते चिकट लागलं. सापडला दोष! मलमच गेलं असणार आत. जुना दात घासायचा ब्रश आणून ते बटन कडेकडेनं स्वच्छ केलं. फुंकर मारली. आणि चौतीस वर्षांच्या शिस्तीनं ते पटापट पाच वेळा दाबलं.

टक, टक, टक, टक, टक. भरवशाचं बटन.

फोन किंचाळला आणि त्यातून एका बाईचा आवाज आला, "हलो, एनु तोंदरे, हेळ्री."

तोंदरे म्हणजे त्रास. काय त्रास आहे, सांगा, असं ती विचारत होती. मला वाटलं, फोनच्या कंपनीची बाई. आणि खरं सांगायचं तर वर्षभरात मला इतक्या आपुलकीनं, काय त्रास आहे, असं कुणी विचारलं नव्हतं. माझा बांध फुटला. मी कन्नडमध्ये सगळं सांगितलं. म्हटलं, त्रास शेजाऱ्याचा आहे. माझी नात आहे, ती त्यानं घेतलीय.

बाई एकदम सावध झाली. "नात किती वर्षांची?"

"सात. आत्तासुद्धा त्याच्याच घरात तिचा आवाज येतोय. ऐका!" मी फोन भिंतीला लावला.

"मुलीला काही दुखापत?"

"एक दात पडलाय."

"कसा पडला?"

"ते त्यालाच ठाऊक! मला कोण सांगतंय?"

"घाबरू नका. तुम्ही घरातच थांबा. माणसं पाठवतोय."

रविवारी माणसं पाठवणारी कंपनी मी पहिल्यांदाच बघत होतो. सरूबाईंना म्हटलं, चहा टाका, मेकॅनिक येतायत.

दहाव्या मिनिटाला गल्लीत पोलिसांची गाडी शिरली. मागून सोनाबाई, मागून सगळी गल्ली. गाडीतून एक हवालदार आणि एक हेड कॉन्स्टेबल बाई उतरल्या, छातीवर कुसुमावती असं नाव. त्यांनी हातातल्या यंत्रात बघून मोठ्यानं विचारलं, "गणपत अंदरे यार्री?"

गणपत कोण! मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होतो, आणि त्याही स्थितीत मला पहिली कळ आली ती हीच. फोन माझा, बटन माझं, त्रास माझा, पण सिम त्याच्या नावावर. संकटात मी, आणि पोलीस विचारतायत गणपतला!

गणपत चष्मा सावरत बाहेर आला. "मीच."

"घाबरू नका आज्जा. तुमची नात कुठल्या शेजाऱ्यानं नेलीय?"

गणपतला भिंत सामाईक असलेला शेजारी एकच. सगळी गल्ली माझ्याकडं बघायला लागली. हवालदारानं माझ्या हातातला ट्रे काढून घेतला आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "घरात सात वर्षांची मुलगी आहे?" मी नाही म्हणालो. त्यानं आत जाऊन कॉटखाली बघितलं. तिथं पंख्याचे चार रेग्युलेटर आणि चटणीवाला मिक्सर निघाला.

"पण माझी नात..." गणपत अडखळत म्हणाला, "बाई, माझी नात कॅनडात असते. माझ्या मुकुलची मुलगी. तिला कोण पळवून नेणार? ती इकडं आलीच नाही कधी. तिला मराठी येत नाही, कन्नड येत नाही. दिवाळीला फोनवर हाय म्हणते आणि पळून जाते."

पंचवीस वर्षं मी या माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहतोय. मुकुल कॅनडात आहे हे मला ठाऊक होतं. त्याचा फोन येत नाही, हे मी कधी मोजलंच नव्हतं. मी फक्त माझा फोन तिकडं किती वेळ राहतो तेवढं मोजत होतो.

"मग तक्रार कुणी केली?" कुसुमावतीबाईंनी विचारलं.

इतक्यात गणपतच्या हातातला फोन वाजला. झालं होतं असं, की कडेचं बटन लागोपाठ पाच वेळा दाबलं की फोन थेट पोलिसांना लागतो, आणि त्या पाच टकांबरोबर माझ्या फोननं प्रशिकलाही आपणहून निरोप धाडला होता, की मी संकटात आहे. त्यानं मला चार फोन केले. ते हवालदाराच्या धाकानं ना मला उचलता आले, ना सुचले. मग त्यानं गणपतला लावला. काचेवर आरुषी होती आणि ती रडत होती.

"आज्जा कुठाय?"

"मी आहे की, बाळ," गणपत म्हणाला.

"तू नाही! मला माझा आज्जा पाहिजे!"

गणपतनं फोन माझ्या हातात ठेवला. या खेपेला त्याला एक मिनिटही लागलं नाही.

वर्षभर मी या एका वाक्यासाठी तळमळत होतो. ते आलं, भर गल्लीत, पोलिसांच्या साक्षीनं आलं. मान वर करून गणपतकडं बघितलं, तर तो चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत होता, आणि चष्म्यावर काहीच नव्हतं. मनासारखं झालं, पण मला ते गोड लागेना.

"आज्जा, तू माझा फोन का नाही उचललास?" आरुषी हुंदके देत म्हणाली.

"माझ्या बोटांचं चालत नाही गं काचेवर."

तिचं रडणं थांबलं. "मग नाकानं उचल ना! हात खरकटे असले की मी नाकानंच उचलते. मम्मीला सांगू नको."

"मला ऐकू आलंय," मागून दीक्षा म्हणाली. दीक्षा आमची सून. कुसुमावतीबाई तोंडाला रुमाल लावून हसल्या, मग भानावर येऊन त्यांनी कागद काढला. बोलावलं होतं, गाडी आली होती, आता का बोलावलं ते लिहावं लागणार. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, फोनमधला तांत्रिक बिघाड.

"होट्टेकिच्चु," सरूबाई म्हणाल्या.

होट्टेकिच्चु म्हणजे पोटातली आग. दुसऱ्याचं बरं बघून पेटते ती. कुसुमावतीबाईंनी माझ्याकडं बघितलं, गणपतकडं बघितलं, आणि तेच लिहिलं. आमच्या घराण्यात आजवर कुणाची पोलिसांत नोंद नव्हती. झाली ती ही. खाली माझी सही झाली. सिम ज्याच्या नावावर त्याची सही झाली. मग त्याच्या घरचं कुणी साक्षीला हवं होतं.

"घरचं कोण आहे?" बाईंनी गणपतला विचारलं.

गणपतनं सरूबाईंकडं बोट केलं. "ह्याच की. दुसरं कोण?"

सरूबाईंनी सही केली. जाता जाता बाई मला म्हणाल्या, "आज्जा, ते बटन पुन्हा पाच वेळा दाबू नका." चौतीस वर्षांत मला कामाबद्दल कुणी बोललं नव्हतं. पण मी ऐकून घेतलं. चहा मात्र त्यांनी घेतला.

सोमवारपासून मी नाकाचा सराव सुरू केला. सांगतो, चालतं. नाकावर घट्टे पडत नाहीत, निदान माझ्या तरी. फोन तोंडाजवळ धरायचा, मान किंचित तिरकी करायची आणि हिरव्या खुणेवरून नाक ओढायचं. टक होत नाही, त्याला इलाज नाही. गल्लीतली पोरं खिडकीतून बघून पळायची. पळू देत.

गुरुवारी दुपारी अचानक फोन वाजला. आरुषी. मी नाकानं उचलला. तिला आधी नुसत्या माझ्या दोन नाकपुड्या दिसल्या असणार, कारण ती खिदळायलाच लागली, आणि खिदळताना मला दिसलं, पहिल्या खिंडाराशेजारी दुसरं खिंडार होतं.

"आत्ताच पडला! आत्ताच! अजून पप्पालासुद्धा ठाऊक नाही. तुला पहिल्यांदा सांगतेय."

मला पहिल्यांदा! मी उठलोच. फोन हातात तसाच, पायात एक चप्पल सरूबाईंची आणि एक माझी, आणि वीस पावलं मी आठांत टाकली. सिद्रामची खूशखबर, आता ऐक म्हणावं!

गणपत दारात खुर्ची टाकून बसला होता. फोन मांडीवर. काच पुसत होता, पुसून झालेली काच पुन्हा पुसत होता. मला बघून उठला.

"काय रे? आरुषीचा फोन आला होता काय? म्हणजे... मला नाही आला रविवारपासून. पोर घाबरली असंल त्या दिवशी. मी आपलं वाट बघतोय."

वाक्य माझ्या जिभेवर होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं.

"नळाला पाणी आलंय काय बघायला आलो," मी म्हणालो.

"आज कुठलं? आज आपली पाळी नाही की."

"तेच म्हटलं," असं म्हणून मी परत फिरलो. फोन चालूच होता, कारण तो बंद करायलाही नाक लागतं. मी मागच्या परसात जाऊन हळूच म्हणालो, "आरुषी, रविवारी हे गणपतआज्जाला सांग. मला सांगितलंस ते सांगू नको."

"का?"

"त्याला कुणी पहिल्यांदा काही सांगत नाही."

तिनं थोडा विचार केला. "मग तू विसरून जा."

"विसरलो," मी म्हणालो.

रविवारी दहा वाजता मी खुर्चीवर बसलो. फोन वाजला. काचेवर आरुषीचं नाव, हिरवी खूण नाकापासून वीतभर अंतरावर. सरूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो आणि मान दुसरीकडं वळवली. फोन वाजून वाजून थांबला.

भिंतीपलीकडं दुसरा वाजला.

"अगंऽऽ आरुषीबाई! काय म्हणतेस? पडला? दाखव, दाखव बघू! अरे वा, वा, वा!"

तुम्हाला वाटेल, मला बरं वाटलं असेल. मुळीच नाही. मी जळलो. माझ्या हातानं दिलं होतं, तरी जळलो. आधीच्या सगळ्या रविवारांपेक्षा जास्त जळलो. त्यानं कोल्ह्याची गोष्ट काढली तेव्हा तर मी उठून भिंतीवर दोनदा थाप मारायला निघालो होतो. सरूबाईंनी ताकाचा पेला हातात दिला. तो मी एका दमात संपवला.

पंधरा मिनिटांनी दारात गणपत. फोन छातीशी धरलेला, चष्मा घसरलेला, धाप लागलेली.

"सिद्रामा, खूशखबर! आरुषीचा दुसराबी दात पडला की रे!"

"हो काय?" मी म्हणालो. "मला ठाऊकच नव्हतं."